हवेत हायड्रॉलिक गेलं तर काय करायचं: टाइप रेटिंगला निघालेल्या गोव्यातल्या पोरापोरींसाठी

फोंडा, डिचोली, पेडणे इकडून बारामती-गोंदियाला जाऊन सीपीएल (कमर्शियल पायलट लायसन्स) करून आलेली बरीच पोरं-पोरी आता टाइप रेटिंगला (एका ठरावीक विमानाच्या ट्रेनिंगला) बसतायत, आणि सिम्युलेटरच्या आधी त्यांना धास्ती असते ती दोनच गोष्टींची, इंजिन आणि हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चाकं, ब्रेक, कंट्रोल हलवणारी यंत्रणा). इंजिन फेल्युअरची प्रॅक्टिस सगळेच करून घेतात, हायड्रॉलिकच्या वेळी मात्र पोरं नुसती पाठांतर करून येतात, ग्रीन सिस्टिमवर काय, यलोवर काय, आणि प्रत्यक्ष ईकॅमवर (बिघाड आणि त्यावरच्या पायऱ्या दाखवणाऱ्या स्क्रीनवर) पिवळ्या ओळी आल्या की पाठ केलेलं सगळं एकदम बाहेर काढायला बघतात. म्हणून हे लिहितोय. एअरबस ए३२० धरून लिहितोय कारण आपल्याकडे तुम्हाला बहुतेक तेच मिळणार. तुमच्या कंपनीचं एसओपी (ठरलेली कार्यपद्धती) आणि विमानातलं क्यूआरएच (बिघाडाच्या वेळी उघडायची पुस्तिका) हे माझ्या शब्दाच्या वर, हे एकदाच सांगतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. हायड्रॉलिक फेल्युअर हा लँडिंगचा प्रॉब्लेम आहे. तो सुरू हवेत होतो, पण त्याची खरी किंमत रनवेवर द्यावी लागते, ब्रेकमध्ये, स्टिअरिंगमध्ये, स्पॉयलरमध्ये (पंखावर उभ्या राहणाऱ्या फळ्या). एक सिस्टिम गेली तर क्रूझला विमान जवळजवळ नेहमीसारखंच उडतं. म्हणजे तुमच्याकडे वेळ आहे, आणि तो वेळ त्या लँडिंगच्या तयारीसाठी वापरायचा. घाई करून वेळ वाचवणाऱ्याने इथे काहीच वाचवलेलं नसतं.

आधी सिस्टिम समजून घ्या, पाठ नंतर करा

डिचोली-सत्तरीकडे खाणीचा टिपर हौदा उचलताना सगळ्यांनी बघितलाय, तेल दाबलं की जॅक वर जातो आणि एवढं वजन आरामात उचलतो. विमानात तेच तत्त्व. तेल दाबलं तरी आकसत नाही, म्हणून पंपाने एका टोकाला दिलेला जोर पाइपातून दुसऱ्या टोकाला पोचतो आणि गिअर (चाकं), ब्रेक, एलेरॉन (पंखाच्या टोकाकडच्या फळ्या), रडर (शेपटीची उभी फळी) हलतात. दाब ३००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड).

ए३२० मध्ये अशा तीन वेगवेगळ्या सिस्टिम आहेत. ग्रीनचा पंप एक नंबर इंजिनवर, यलोचा दोन नंबर इंजिनवर आणि त्याला जोडीला एक इलेक्ट्रिक पंप, ब्लूचा पंप इलेक्ट्रिक आणि अगदीच वेळ आली तर पोटाखालून बाहेर पडणारा रॅट (छोटा पंखा), तो वाऱ्यावर फिरून ब्लूला दाब देतो, साधारण २५०० पीएसआय. ग्रीन आणि यलोच्या मध्ये पीटीयू (पॉवर ट्रान्सफर युनिट). दोघांच्या दाबात ५०० पीएसआयचा फरक पडला की हा आपोआप चालू होतो, एका बाजूचा दाब वापरून दुसऱ्या बाजूचा पंप फिरवतो. पॅसेंजरना गेटवर फरशीखालून थांबून थांबून जो करकर आवाज येतो तो ह्याचाच.

आता इथे नव्या पोरांचं हमखास चुकतं. पीटीयू ताकद इकडून तिकडे नेतो, तेल नेत नाही. तिन्ही सिस्टिमचं तेल कायम वेगळं. त्यामुळे ग्रीनला गळती लागली म्हणून यलोचं तेल त्यातून वाहून जाणार नाही, पण पीटीयू चालू राहिला तर तो रिकाम्या ग्रीनला दाब देण्यासाठी नुसता फिरत राहणार, तापणार, आणि चांगल्या यलोलाही त्रास देणार. हे कळलं की ईकॅम तुम्हाला ‘पीटीयू ऑफ’ का सांगतो ते पाठ करावं लागत नाही.

अभ्यासाला तीन रंगांची पेनं घ्या, ब्लूसाठी निळं, बाकी दोन हिरवं-पिवळं, आणि कोऱ्या कागदावर विमान काढून कुठल्या भागाला कुठला रंग जातो ते स्वतः भरा. गिअर हिरवा. नॉर्मल ब्रेक हिरवा, ऑल्टर्नेट (पर्यायी) ब्रेक पिवळा आणि त्याला दाब साठवून ठेवणारा एक अ‍ॅक्युम्युलेटर. स्लॅट (पंखाच्या पुढच्या कडेचे) हिरवा-निळा, फ्लॅप (मागच्या कडेचे) हिरवा-पिवळा, एलेरॉन हिरवा-निळा, रडरला तिन्ही. स्पॉयलर एक आणि पाच हिरवे, दोन आणि चार पिवळे, तीन नंबर निळा. रिव्हर्सर (इंजिनचा झोत पुढे वळवून विमान थांबवणारा) एक नंबर इंजिनचा हिरवा, दोनचा पिवळा. शेपटीतल्या आडव्या स्टॅबिलायझरला हिरवा आणि पिवळा. नोजव्हील स्टिअरिंग जुन्या-नव्या विमानांत वेगळ्या सिस्टिमवर असतं, म्हणून तुमच्या विमानाचं मॅन्युअल उघडून बघा, मित्राच्या नोट्सवरून घेऊ नका. हा कागद चार-पाच वेळा न बघता काढता आला की अर्धं काम झालं.

जे एटीआरवर (पंख्याच्या छोट्या विमानावर) जाणार आहेत, मोपाहून एटीआर उडवणारी कंपनीच आहे आता, त्यांच्याकडे चित्र वेगळं. तिथे एलेरॉन-एलिव्हेटर केबलने हाताने चालतात, हायड्रॉलिक लागतं ते फ्लॅप, गिअर, ब्रेक, स्टिअरिंग, स्पॉयलर ह्यांना. बोइंग ७३७ मध्ये ए, बी आणि स्टँडबाय अशा सिस्टिम आणि दोन्ही मुख्य गेल्या तरी केबलवर विमान हाताने ओढता येतं, जड लागतं पण येतं. ए३२० ला ती केबलची सोय नाही म्हणून तीन सिस्टिम इतक्या काटेकोर वेगळ्या ठेवल्यात.

तिन्ही एकदम जातात का, हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो. १९ जुलै १९८९ ला युनायटेडच्या डीसी-१० चं शेपटीतलं इंजिन फुटलं, तुकड्यांनी तिन्ही सिस्टिमचे पाइप एकाच भागात कापले आणि सगळं तेल गेलं. कॅप्टन अल हेन्स, त्यांचा क्रू आणि पॅसेंजर म्हणून बसलेला ट्रेनिंग कॅप्टन डेनिस फिच ह्यांनी फक्त दोन इंजिनांच्या थ्रॉटलवर ते विमान सू सिटीच्या रनवेपर्यंत आणलं, २९६ पैकी १८४ माणसं वाचली. त्याच्या चार वर्षं आधी, १२ ऑगस्ट १९८५ ला, जपान एअरलाइन्सच्या ७४७ चा मागचा प्रेशर बल्कहेड फुटून चारही सिस्टिम गेल्या होत्या, ५२४ पैकी फक्त चार वाचले. डीसी-१० च्या अपघातानंतर त्या विमानांना असे फ्यूज बसवले की शेपटीत पाइप तुटला तरी बाकीचं तेल अडून राहील. हे सांगतोय ते घाबरवायला नाही, आज तुम्ही ज्या विमानात बसताय त्यातले पाइप कुठून न्यायचे ह्याचा विचार ह्या माणसांच्या जिवावर झालाय, तो मान ठेवून अभ्यास करा.

पायरी पहिली: विमान उडवा

धरा की दिल्लीहून मोपाला येताय, जुलै महिना, कोल्हापूर मागे पडलंय, खाली ढगांशिवाय काही दिसत नाही. टण करून आवाज, मास्टर कॉशन पिवळा, ईकॅमवर ग्रीनचा रिझर्व्हॉयर (तेलाची टाकी) लो लेव्हल.

हात कशालाही लावू नका. आधी बघा विमान काय करतंय. ऑटोपायलट आहे का, स्पीड बरोबर आहे का, उंची धरलीय का. एकच सिस्टिम गेली असेल तर बहुधा सगळं आहे तसंच असणार. कोण उडवतोय हे तोंडाने बोला, ‘आय हॅव कंट्रोल’ नुसतं गृहीत धरायचं नाही. उडवणारा फक्त उडवणार आणि रेडिओ घेणार, दुसरा ईकॅम वाचणार. दोघंही मान खाली घालून स्क्रीन वाचत बसले आणि विमान कुणीच बघत नाही, हे सिम्युलेटरमध्ये सारखं होतं आणि ते पहिल्या दिवसापासून मोडायला लागतं.

पायरी दुसरी: ईकॅम, सावकाश

उडवणाऱ्याने ‘ईकॅम अ‍ॅक्शन्स’ म्हटल्याशिवाय दुसऱ्याने सुरुवात करायची नाही. मग एक ओळ वाचा, बटण दाखवा, दुसऱ्याकडून खात्री घ्या, मग दाबा. लो लेव्हल असेल तर पीटीयू ऑफ, ग्रीनचा इंजिन पंप ऑफ. पंप बंद करायचं कारण तेलाशिवाय चाललेला पंप स्वतःच खराब होतो.

इथे कारण नीट वाचणं महत्त्वाचं. तेल कमी झालं म्हणजे गळती, ती सिस्टिम परत येणार नाही असंच धरून पुढचा विचार करा. नुसता पंपाचा दाब पडला असेल तर पंप गेला पण तेल जागेवर आहे, पीटीयू कदाचित काम भागवेल. तेल तापलं असेल तर बंद करून थंड झाल्यावर परत मिळू शकतं, आणि ते परत मिळवणं लँडिंगसाठी ठेवायचं. तीनही वेळा स्क्रीनवर ‘हायड ग्रीन’ असंच काहीतरी दिसतं आणि घाईतला माणूस तिथेच वाचायचं थांबवतो. हायड्रॉलिकचं पान उघडून तेलाची पातळी डोळ्याने बघा. मग स्टेटस पान शेवटच्या ओळीपर्यंत. काय चालत नाही ह्याची यादी तिथे असते, ती वाचताना प्रत्येक ओळीला मनात विचारा, ह्याने लँडिंगला काय फरक पडणार.

पायरी तिसरी: एटीसीला सांगा

ग्रीन एकटं गेलं असेल तर ‘पॅन पॅन’ तीनदा, दोन सिस्टिम गेल्या असतील तर ‘मेडे’ तीनदा. लाजू नका. आपली पोरं मेडे म्हणायला कचरतात, उगीच मोठं केलं म्हणतील असं वाटतं त्यांना. नंतर गरज संपली तर रद्द करता येतं, पण आधी न सांगितल्यामुळे गर्दीत अडकलात तर तो वेळ परत मिळत नाही.

काय झालं ते थोडक्यात आणि काय पाहिजे ते स्पष्ट. होल्डिंग (एका जागी घिरट्या) पाहिजे, लांब फायनल (रनवेसमोरचा सरळ टप्पा) पाहिजे, रनवेच्या कडेला फायर टेंडर पाहिजेत, आणि विमान रनवेवरच थांबेल, ट्रॅक्टर लागेल. हे शेवटचं आधी सांगणं गोव्यात फार महत्त्वाचं आहे, कारण मोपाला एकच रनवे आणि दाबोळीलाही एकच. स्टिअरिंग नसलेलं विमान रनवेवर थांबलं की तो रनवे बंद, मागून येणाऱ्या सगळ्यांना वर्तुळं मारायला लावणार नाहीतर दुसरीकडे पाठवणार. आधी कळलं तर कंट्रोलर मागची दोन-तीन विमानं तुमच्या आधी उतरवून घेतो किंवा वेळेवर वळवतो. पण ह्याचं ओझं तुम्ही घ्यायचं नाही, तुमच्यामुळे रनवे बंद होईल म्हणून तुम्ही घाईने टॅक्सीवेकडे वळायचा प्रयत्न करणार नाही, हे आत्ताच ठरवून ठेवा.

पायरी चौथी: कुठे उतरायचं

हे ह्या सगळ्यातलं खरं डोक्याचं काम, म्हणून इथे वेळ घ्या, होल्डिंगमध्ये जा, कॉफी सोडा पण पेन-कागद घ्या.

मोपाचा रनवे साधारण ३५०० मीटर, दाबोळीचा साधारण ३४००. दोन्ही लांब, दोन्ही सड्यावर, आणि हवेतून दोघांत चाळीसेक किलोमीटर. म्हणजे मोपाला जो पाऊस आहे तोच थोड्या वेळाने दाबोळीला किंवा उलटं, पावसाळ्यात ह्या दोघांना एकमेकांचा पर्याय धरताना हे लक्षात ठेवा. सिंधुदुर्गातल्या चिपीचा रनवे २५०० मीटर, बेळगावचा २३००. जवळ आहेत म्हणून डोळे तिकडे जातात, पण ब्रेक कमी, स्पॉयलर कमी, रनवे ओला, अशा विमानाला तिथे नेण्याआधी आकडे मांडा. मुंबई, बेंगळुरू लांब आहेत पण रनवे मोठे, फायर सर्व्हिस मोठी, दुरुस्तीचं सगळं तिथे.

आकडे म्हणजे काय, तर क्यूआरएच किंवा टॅबलेटवर ह्या फेल्युअरसह लँडिंग डिस्टन्स काढा. वजन, वारा, रनवे ओला की त्यावर पाणी साचलंय, कुठलं फ्लॅप, अ‍ॅप्रोच स्पीडला किती वाढ, रिव्हर्सर एकच मिळणार, ऑटोब्रेक नाही. आलेल्या आकड्यावर सेफ्टी मार्जिन लावा आणि मग रनवेच्या लांबीशी तुलना करा. दोघांनी वेगळं काढा आणि जुळवा. एकटं ग्रीन गेलं असेल आणि मोपाला वारा समोरून असेल तर बहुधा मोपाच बरोबर निघेल. पण ‘बहुधा’ वर उतरायचं नाही, आकड्यावर उतरायचं. क्रॉसविंडही बघा, कारण चाकं टेकल्यावर स्टिअरिंग नसेल तर सरळ ठेवायला रडर आणि डाव्या-उजव्या ब्रेकवरच भिस्त.

वजनाचंही बघा. ए३२० ला इंधन हवेत सोडायची सोय नाही. टेकऑफचं कमाल वजन ७८ टनांच्या आसपास, लँडिंगचं ६६ च्या. मोपाहून उठल्या उठल्या बिघाड झाला तर जास्त वजनाने उतरायचं की इंधन जाळायचं हा निर्णय येतो. ११ ऑक्टोबर २०२४ ला त्रिचीहून शारजाला निघालेल्या ७३७ ला टेकऑफनंतर हायड्रॉलिकचा बिघाड आला, त्यांनी दोन तासांहून जास्त घिरट्या मारून इंधन कमी केलं आणि त्रिचीलाच सुखरूप उतरले. टीव्हीवर तेव्हा काय आरडाओरडा चालला होता, आणि वर ते दोघं पायलट शांतपणे आपलं काम करत होते. तेच शिकायचंय. मात्र आग, धूर किंवा कंट्रोलचा प्रॉब्लेम सोबत असेल तर जाळत बसायचं नाही, जड उतरायचं.

पायरी पाचवी: केबिन

केबिन इनचार्जला बोलवा आणि चार गोष्टी ह्याच क्रमाने सांगा: काय झालंय, आपण काय करणार, किती वेळ आहे, खास सूचना काय. तिला परत म्हणायला सांगा. एक सिस्टिम गेली असेल तर बहुतेक वेळा साधंच लँडिंग, पण रनवेवर थांबणार आणि बाहेर फायर टेंडर दिसतील हे तिला माहीत पाहिजे, नाहीतर खिडकीतून लाल गाड्या बघून कुणीतरी दार उघडायला उठेल.

मग पॅसेंजरना स्वतः सांगा. चवथीला घरी निघालेली आजी मागे बसलीय, तिला हायड्रॉलिक म्हणजे काय माहीत नसतं पण आवाज कापतोय का ते बरोबर कळतं. हिंदी-इंग्रजीनंतर मराठीत किंवा कोकणीत दोन वाक्यं बोला: ‘एका यंत्रणेत बिघाड आहे, विमानात अशा आणखी यंत्रणा आहेत, खबरदारी म्हणून अग्निशमन गाड्या दिसतील, उतरल्यावर आम्ही सांगेपर्यंत बसून रहा.’ एवढं पुरे.

पायरी सहावी: गिअर सगळ्यात शेवटी

ग्रीन गेलं की गिअर ग्रॅव्हिटीने उतरवायचा. मध्यल्या पेडेस्टलच्या मागचा हँडल ओढून घड्याळाच्या दिशेने तीन वेळा फिरवायचा, दारं उघडतात, चाकं स्वतःच्या वजनाने खाली येऊन लॉक होतात, मग लिव्हर डाउन. तीन हिरवे दिवे दोघांनी बघायचे.

पण एकदा असा उतरवलेला गिअर परत वर जात नाही. हे वाक्य परत वाचा. गिअर खाली असताना विमान इंधन फार खातं आणि चढायची ताकदही कमी होते. म्हणजे मोपाला पाऊस बघून गो-अराउंड मारलात (न उतरता परत वर गेलात) तर आता बेंगळुरूचं गणित पहिल्यासारखं राहिलेलं नाही. म्हणून रनवे नक्की, हवामान नक्की, आकडे झालेत, केबिन तयार, अ‍ॅप्रोच ब्रीफिंगही झालं, गो-अराउंड झाला तर कुठे जाणार हेही ठरलं, मग हँडलला हात. स्लॅट-फ्लॅप हळू येतील कारण एकेक मोटर कमी आहे, त्यासाठी लांब फायनल मागितला होता.

दोन सिस्टिम गेल्या तर

ग्रीन आणि यलो दोन्ही गेल्या तर लाल अक्षरात ‘लवकरात लवकर उतरा’ म्हणजे लँड अ‍ॅसॅप येतं आणि चित्र पार बदलतं. ऑटोपायलट नाही, स्टॅबिलायझर जागेवर अडकलेला, फ्लॅप नाहीत, फक्त स्लॅट तेही हळू, रिव्हर्सर दोन्ही नाहीत, स्टिअरिंग नाही, स्पॉयलरची फक्त एक जोडी, ब्रेक फक्त अ‍ॅक्युम्युलेटरवर. विमान ऑल्टर्नेट लॉमध्ये (कॉम्प्युटरचं संरक्षण कमी झालेली अवस्था) आणि गिअर खाली आला की डायरेक्ट लॉ, म्हणजे साइडस्टिक जेवढी हलवाल तेवढाच कंट्रोल सरळ हलणार. त्यामुळे गिअर कुठल्या क्षणी उतरवायचा ते क्यूआरएचमध्ये लिहिलंय तसंच करायचं, आधी नाही आणि नंतर नाही. क्यूआरएचमध्ये दोन-दोन सिस्टिमच्या जोड्यांसाठी समरीची पानं दिलीत, ती घरी खुर्चीवर बसून मोठ्याने वाचा, हात खरोखर त्या बटणाकडे नेऊन वाचा. स्पीड जास्त असणार, नाक नेहमीपेक्षा वर असणार, टेल स्ट्राइकची (शेपूट रनवेला घासायची) भीती. फ्लेअर (टेकण्याआधी नाक उचलणं) जास्त ओढू नका.

पायरी सातवी: रनवेवर

टचडाउन झोनमध्येच टेकवा, मऊ लँडिंगचा मोह सोडा, ओल्या रनवेवर तरंगत घालवलेला प्रत्येक मीटर ब्रेकने भरून काढावा लागतो. ग्रीन एकटं गेलं असेल तर यलोवरचा ऑल्टर्नेट ब्रेक अँटीस्किडसकट (चाक लॉक होऊ न देणारी सोय) मिळतो, फक्त पायाने मारायचा. एका बाजूचाच रिव्हर्सर उघडणार, विमान त्या बाजूला ओढेल, रडर तयार ठेवा.

नुसता अ‍ॅक्युम्युलेटर उरला असेल तर अँटीस्किड नाही. दाब १००० पीएसआयच्या वर जाऊ द्यायचा नाही, नाहीतर चाक लॉक होऊन टायर फुटतो. साधारण सात वेळा ब्रेक दाबण्याएवढंच तेल त्यात असतं, म्हणून पाय उचलून परत परत मारायचे नाहीत, एकदा दाबला की सोडू नका, हळूहळू वाढवत न्या. थांबलात की पार्किंग ब्रेक आणि तिथेच रहा.

उतरल्यावर

टॅक्सी करून बाहेर पडायचा प्रयत्न नको. टॉवरला सांगा रनवेवर थांबलोय, फायर क्रूला चाकं आणि पोटाखालची गळती बघायला सांगा, ब्रेकचं तापमान बघा. धूर-आग नसेल तर इव्हॅक्युएशनची गरज नाही, स्लाइडवरून उतरताना माणसं हातपाय मोडून घेतात. केबिनला लगेच सांगा की बसून राहायचंय, कारण त्या पहिल्या मिनिटात सगळे कॉकपिटच्या आवाजाची वाट बघत असतात.

खाली उतरून बघायला गेलात तर जांभळट तेल दिसेल, त्याला हात लावू नका. ते सहज पेट घेत नाही पण कातडीला आग होते आणि डोळ्यात गेलं तर फार त्रास होतो, भरपूर पाण्याने धुवून डॉक्टरकडे जावं लागतं. गिअरच्या दारांपासून लांब रहा, पिना लागेपर्यंत इंजिनिअरशिवाय कुणी व्हील वेलमध्ये डोकं घालायचं नाही.

टेक लॉगमध्ये (विमानाच्या बिघाडांच्या नोंदवहीत) नुसतं ‘ग्रीन हायड्रॉलिक फेल’ लिहू नका. कुठल्या उंचीवर, पहिली वॉर्निंग कुठली आली, तेलाची पातळी किती होती, पीटीयू किती वेळ चालला, गिअर ग्रॅव्हिटीने उतरवला, वजन किती होतं, ब्रेक किती तापले, हे सगळं आठवतंय तोवर तिथेच लिहा. सर्किट ब्रेकर ओढून रेकॉर्डर जपायचे असतात, ते इंजिनिअरला सोबत घेऊन कंपनीच्या पद्धतीप्रमाणे करा.